फाटकासमोरचा थांबा

४ फेब्रुवारी

जाऊबाई,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायचा असतो म्हणून लिहिते, केला असं समजू नका. फोनच करणार होते, पण फोनवर तुमचं बोलून झालं की तुम्ही ठेवून देता. कागद निदान फाडायच्या आधी तरी वाचावा लागतो.

माझ्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं, हे तुम्हाला कळलंच असेल. तुमच्या गल्लीतल्या निळ्या बंगल्यात ती सून म्हणून जायची होती. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, तारीख तेवढी काढायची राहिली होती. मागच्या आठवड्यात तो मुलगा आला आणि खाली मान घालून म्हणाला, "आईला तुमचं घर पटत नाहीये." का पटत नाही हे त्याच्या तोंडून काढता काढता लेकीच्या नाकी नऊ आले. शेवटी कळलं, की त्याची आई तुमच्याकडे चौकशीला आली होती. तुम्ही तिला चहा पाजलात आणि म्हणालात, "मुलगी गुणाची आहे हो, पण सगळं घर ट्रामनं फिरतं. आई तर ट्रामच चालवते."

पोरगी आधी रडली, मग रडायची थांबली. ते मी सहन केलं. पण परवा मी ड्यूटीवर निघताना तिने माझ्या युनिफॉर्मकडे बघितलं आणि विचारलं, "आई, तुला दुसरं काही काम नसतं का गं मिळालं?"

जाऊबाई, लग्न मोडल्याबद्दल मी तुम्हाला कदाचित सोडलं असतं. या प्रश्नाबद्दल सोडणार नाही. हे मला म्हणाले, "जाऊ दे, वहिनी तशाच आहेत." त्यांना म्हटलं, तुम्ही द्या जाऊ, मी देत नाही.

तुमच्या कॉलनीतल्या प्रत्येक फाटकावर 'ट्राम नको'ची पाटी आहे ना? रूळ तर टाकून झाले, आता वर तारा ओढताहेत. चाचणीच्या फेऱ्यांसाठी चालक निवडायचे होते, मी नाव दिलंय. तुमच्या गल्लीत पहिली ट्राम मी आणणार, आणि घंटी वाजवत आणणार. तुमची जिरवल्याशिवाय मी राहत नाही.

तुमची धाकटी जाऊ

११ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद पाठवते आहे. नको असेल तर परत पाठव, दुसऱ्या कोणाला तरी देईन.

तुझं पत्र फाडलं नाही. इतकं मनापासून रागावणारं माणूस या कॉलनीत एकही नाही गं. इथे सगळे नुसते नाराज होतात.

आता तुझ्या आरोपाचं. मी खोटं काय बोलले? तू ट्राम चालवत नाहीस? भाऊजी ट्रामनं कामावर जात नाहीत? विचारायला आलेल्या बाईला मी काय सांगायचं होतं, की तुम्ही सगळे पालखीतून फिरता? आणि बाई, जग कसं आहे ते मी केलेलं नाही. ट्राममध्ये बसतं कोण? शाळेची मुलं, घरकामाला जाणाऱ्या बायका, आणि ज्यांची गाडी दुरुस्तीला गेलीय ती माणसं. तीसुद्धा शेजारच्याला चारदा सांगतात, की गाडी दुरुस्तीला गेलीय. भर रस्त्यात उभं राहून ट्रामची वाट बघणं मला तरी या जन्मात जमायचं नाही.

अध्यक्षांचंही हेच मत. अध्यक्ष म्हणजे तुझे मोठे भावजी. कॉलनीचे अध्यक्ष झाल्यापासून मी त्यांना घरातही तेच म्हणते, कारण घरातही ते भाषणच करतात.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. तुमच्या लोकांनी माझ्या फाटकासमोर पिवळ्या रंगाची खूण करून ठेवली आहे. कशाची म्हणून विचारलं, तर म्हणे थांब्याची. दुसरी खूण पाण्याच्या टाकीजवळ आहे. टाकीजवळ काय ते करा. माझ्या दारात थांबा आला तर याद राख. आमच्या घराची शोभा जाईल, अध्यक्षांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही, आणि मी तर अंथरूणच धरीन. तुला चार शब्दांचा अधिकार असेल तर तो टाकीच्या बाजूनं वापर. थोरली म्हणून सांगते आहे.

थोरली

१५ फेब्रुवारी

जाऊबाई,

तुमचे उपकार कसे फेडू! खरंच सांगते, मला त्या खुणांचं काहीच माहीत नव्हतं. तुमचं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी डेपोतल्या साहेबांना जाऊन विचारलं.

तर ऐका. तुमची गल्ली चढावर आहे. चढावर गाडी थांबवत नाहीत, सपाट जागा लागते. सपाट जागा दोनच, टाकीजवळची आणि तुमच्या फाटकासमोरची. चाचणीत आम्ही रिकामी गाडी दोन्हीकडे थांबवून बघायची आणि कुठे ती अलगद उभी राहते ते सांगायचं. कागदावर ठरवणारे साहेब वेगळे, पण ब्रेक आमच्या हातात असतो, म्हणून आमच्याकडे असा रिवाज आहे, की थांब्याच्या बाबतीत चालकाचा शब्द मोडायचा नाही. आणि चाचणीच्या दोन चालकांत माझं नाव लागलंय. दुसरा निवृत्तीला आलेला आहे. तो म्हणतो, "तू म्हणशील तिथे, मला घरी जाऊ दे."

तेव्हा अंथरूण घालून ठेवा.

धाकटी

२ मार्च

धाकटे,

तू मस्करी करते आहेस असं मी धरून चालले होते. परवा तुमचा माणूस मोजायची फीत घेऊन परत आला आणि माझ्याच फाटकापाशी घुटमळत राहिला, तेव्हा कळलं की तू खरंच वैर धरलंयस.

जरा विचार कर. आमची गाडी उभी करायला अध्यक्षांनी फुटपाथवर जे छप्पर घातलंय, ते थांबा झाला तर पाडावं लागेल. माझ्या कुंपणाला टेकून परकी माणसं उभी राहतील. मी गाऊनमध्ये झाडांना पाणी घालताना ट्रामभर लोक मला बघतील. ज्यांच्या फाटकावर 'ट्राम नको'ची सगळ्यात मोठी पाटी, त्यांच्याच पुढ्यात ट्राम! अध्यक्षांची झोप उडाली आहे. माझंही काही बरं चाललेलं नाही. मागच्या वर्षी आत शिरताना गाडी फाटकाच्या खांबाला घासली. तुमच्या लोकांनी रुळांसाठी खणताना खांबच सरकवला असणार.

मी लेखी तक्रार करणार आहे. त्यासाठी काही गोष्टी कळव. ट्राममध्ये चढायला पायरी किती उंच असते? फलाट आणि गाडी यांच्यात फट असते का? दर किती मिनिटांनी येणार? चालकाच्या मागची जागा कोणासाठी राखून ठेवतात? तक्रार मुद्देसूद हवी, म्हणून विचारते आहे.

आणि एवढं करूनही ऐकणार नसशील, तर मी समजेन की मला जाऊच नव्हती.

थोरली

२० मे

जाऊबाई,

झालं. मागच्या आठवड्यात विभागाचा शिक्का बसला. थांबा तुमच्या फाटकासमोर.

आधी लिहिणार होते, पण सगळं पक्कं होऊ दिलं. चाचणीच्या दिवशी तुम्ही दिसला नाहीत, पडदा मात्र हलत होता. मी टाकीजवळ गाडी थांबवली. खरं सांगायचं तर चांगली थांबली. मग तुमच्या फाटकासमोर थांबवली. तीही चांगली थांबली. दोन्ही जागा सारख्याच. साहेबांनी विचारलं, "कुठली?" मी म्हटलं, "ही." त्यांनी विचारलं, "कारण?" मी म्हटलं, "इथून पुढचा रस्ता सरळ दिसतो." ते खरं आहे. पण मला तुमचा पडदा दिसत होता, ते खरं कारण.

मोठे भावजी फाटकात उभे राहून साहेबांशी हुज्जत घालत होते. बोलता बोलता मागे सरकले आणि त्यांच्याच 'ट्राम नको'च्या पाटीवर डोकं आपटलं. मी केबिनमध्ये इतकी हसले, की जोडीदारानं पाणी दिलं. छप्पर पाडलं त्या दिवशी माझी ड्यूटी नव्हती, तरी मुद्दाम येऊन बघून गेले. पत्रे निघाले, खांब निघाले, शेवटी भावजींची गाडी उन्हात एकटी उभी राहिली. लग्न मोडलं त्या आठवड्यात माझ्या पोरीचं तोंड असंच उतरलं होतं. काळीज थंड झालं, जाऊबाई. खोटं कशाला बोलू.

तुमच्या तक्रारीसाठी माहिती देते. पायरी नसते, फलाट आणि गाडी एका पातळीवर असतात. फट बोटभर. गाडी दर दहा मिनिटांनी. चालकाच्या मागची जागा म्हाताऱ्यांसाठी आणि ज्यांना नीट दिसत नाही किंवा चालता येत नाही अशांसाठी. आता करा तक्रार.

सध्या लाकडी फलाट घालतील. सप्टेंबरात जाहीर सुनावणी होईल आणि चालकांचं मत पुन्हा घेऊन मग पक्का बांधतील. तोपर्यंत रोज खिडकीतून माझं दर्शन घ्या.

धाकटी

३ जून

पत्र मिळालं. झालं तुझ्या मनासारखं. यापुढे मला लिहू नकोस.

थोरली

१२ जुलै

जाऊबाई,

लिहू नका म्हणालात, तरी लिहिते. मला राहवत नाहीये.

लाइन सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले. चौथ्या दिवशी सकाळी तुमच्या फाटकासमोर गाडी थांबवली, तर फलाटावर तुम्ही उभ्या! मला वाटलं, भांडायला आलात. मी कंबर कसून बसले. तुम्ही आलात, बोटांनी दाराची कड चाचपलीत, आत शिरलात आणि थेट माझ्या मागच्या जागेवर येऊन बसलात. शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिलात. परत येतानाही त्याच जागेवर. तेव्हापासून रोज. आरशात तुम्ही मला पूर्ण दिसता.

माझ्याशी एक शब्द बोलत नाही. ठीक आहे, मलाही बोलायचं नाही. पण काल तुम्ही खिडकीबाहेर बघून हसत होतात. एकट्याच! मी तुमच्या दारात थांबा आणला तो तुम्ही रडावं म्हणून. तुम्ही हसताय कशाला?

या जन्मात ट्रामची वाट बघणार नाही म्हणणाऱ्या बाई तुम्हीच ना? गाडी दुरुस्तीला गेलीय का?

धाकटी

१६ जुलै

धाकटे,

आता सांगायला हरकत नाही. बस, आणि पाणी जवळ घे.

मला काचबिंदू झालाय. दीड वर्ष होऊन गेलं. समोरचं स्वच्छ दिसतं, अजून सुईत दोरा ओवते, पण कडेचं सगळं गेलं. पुठ्ठ्याच्या नळीतून बघावं तसं जग झालंय. फाटकाचा खांब तुमच्या लोकांनी सरकवला नव्हता. तो मला दिसलाच नव्हता. त्या दिवशी घरी पाहुणे होते. त्यांच्यादेखत तुझ्या मोठ्या भावजींनी माझ्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली आणि म्हणाले, "आता तू मागे बसायचं." पाहुणे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार? वीस-पंचवीस वर्षं मी गाडी चालवली होती.

मागे बसायलासुद्धा कोणीतरी न्यावं लागतं ना गं. त्यांना वेळ नाही. 'उद्या जाऊ' म्हणतात. डोळ्यांत घालायचे थेंब संपले तरी उद्या. मी म्हटलं, ट्राम येतेय ना, तिनं जाईन. तर म्हणाले, "अध्यक्षांची बायको ट्राममध्ये? लोक काय म्हणतील?" आणि दुसऱ्या दिवशी आमच्या फाटकावरची पाटी बदलून आणखी मोठी लावली. त्या पाटीकडे बघत मी एक वर्ष घरात काढलं. टाकीपर्यंत चालत जायचं तर मध्ये दोन रस्ते ओलांडावे लागतात, आणि कडेनं येणारी वाहनं मला दिसत नाहीत. म्हणून थांबा फाटकासमोरच हवा होता.

त्यांना मागितला असता तर मिळाला नसता. तुला मागितला असता तर तू टाकीजवळ नेला असतास. मग काय करायचं? मी नको म्हटलं की तू ते करतेस. या घरात आल्यापासून बघते आहे. मी पडदे पिवळे नकोत म्हटलं, तू पिवळे आणलेस. मोठ्या आवाजात बोलू नकोस म्हटलं, तुझ्यामुळे अजून माझे कान दुखतात. म्हणून यावेळी मी जोर लावून नको म्हटलं. तुला खूण माहीत नव्हती, ती मी दाखवली. पायरी, फट, जागा सगळं तुझ्याकडून लिहून घेतलं. शेवटच्या चिठ्ठीत फार रागावले असं दाखवलं, म्हणजे तुला मागे फिरावंसं वाटणार नाही.

छप्पर पाडताना मी पडद्यामागे होते. तुझ्यापेक्षा जास्त थंड मला वाटलं. उन्हात ती गाडी आणि शेजारी किल्ली हातात घेऊन उभे असलेले ते! तुझा सूड तर झालाच, त्यात माझाही उरकून घेतला.

पहिल्या दिवशी कुठे गेले सांगू? कुठेच नाही. नुसती बसले आणि परत आले. आता ते बाहेर पडले की मी निघते आणि ते यायच्या आत परत येते. डॉक्टरांकडे जाते, वाचनालयात जाते, एकटी बसून कॉफी पिते. गाडी छान चालवतेस.

थोरली

१८ जुलै

जाऊबाई,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा डोळ्यांचं वाचून वाईट वाटलं, हे कबूल करते. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हणजे मी तुमचा सूड घ्यायला निघाले आणि तुम्ही त्यावरच बसून कॉफी प्यायला जाता! मी ब्रेक मारते आणि तुम्ही अलगद उतरता! आणि त्या दोन पानांत माझ्या पोरीचं नाव एकदाही नाही. तुमची किल्ली काढून घेतली तर पाहुणे हसले, ते तुम्हाला एवढं लागलं. माझ्या घरावर निळा बंगला हसला, त्याचं काय? तिथे हसवणाऱ्या तुम्हीच होतात.

आता मी सांगते ते ऐका. सप्टेंबरात सुनावणी आहे. चालकाचं मत मला पुन्हा विचारतील. मी "टाकीजवळ" म्हटलं, की तुमच्या दारातला लाकडी फलाट उचलून नेतील. तिथेही गाडी चांगलीच थांबते.

तो राहावा असं वाटत असेल तर एक करा. सुनावणीला या. मोठे भावजी असतील, सगळी कॉलनी असेल, निळ्या बंगल्यातली बाई तर असणारच. सगळ्यांसमोर उभ्या राहा आणि त्या चहाच्या वेळी जे बोललात तेच बोला. सगळीकडे ट्रामनं फिरते, ट्राम माझी जाऊ चालवते. पण यावेळी मान वर करून. एवढंच मागते. जमलं तर थांबा तुमचा. नाही जमलं तर बसा पाटी बघत.

धाकटी

१ ऑगस्ट

धाकटे,

दोन आठवडे लिहायला बसते आणि उठते.

दुसरं काही माग. लेकीकडे येते, तिच्यासमोर बसते, ती म्हणेल ते ऐकून घेते. तुझ्या घरी येऊन तुझ्याकडे माफी मागते. चार भिंतींत काय वाटेल ते करायला लाव.

पण सभेत नको. तू त्यांना ओळखत नाहीस. ते मारत नाहीत, ओरडत नाहीत. ते बोलायचं बंद करतात. एकदा एक महिना केलं होतं. घरात दोन माणसं, आणि मी चमच्याचा आवाज ऐकत जेवत होते. आधीच माझं कडेचं जग गेलंय, समोरचंही तोंड फिरवून बसलं तर मी कोणाकडे बघू? मला भीती वाटते गं. ही गोष्ट मी दुसऱ्या कोणाला सांगितलेली नाही, आणि तुला सांगताना फार जिवावर येतंय.

निळ्या बंगल्यातल्या बाईला मी जे बोलले त्याचं मला काही वाटत नाही असं समजू नकोस. पण वाटतं असंही मी लिहिणार नाही. मी तुझी थोरली जाऊ आहे.

थोरली

४ ऑगस्ट

जाऊबाई,

माझ्या लेकीचं लग्नही चार भिंतींतच मोडलं होतं. बाहेर गावभर झालं.

सुनावणीतच.

धाकटी

२३ सप्टेंबर

जाऊबाई,

तुम्हाला कडेचं दिसत नाही, म्हणून काल सभागृहात कडेला काय काय झालं ते लिहिते. तुम्ही फक्त समोरच्या साहेबांकडे बघत होतात.

मोठे भावजी माइकवर म्हणाले, "आमच्या कॉलनीतलं एकही सभ्य घर ट्राम वापरत नाही." मी चालकांच्या बाकावर युनिफॉर्ममध्ये बसले होते. मला वाटलं, तुम्ही उठत नाही. मी "टाकीजवळ" म्हणायची तयारीसुद्धा केली होती. मग तुमच्या खुर्चीचा आवाज झाला.

तुम्ही म्हणालात, "मी वापरते. रोज. सगळीकडे ट्रामनंच फिरते. ट्राम माझी धाकटी जाऊ चालवते. ती तिथे बसली आहे." मी मागितलं होतं तेवढंच. पुढचं मी मागितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "मला नीट दिसत नाही. मला एकटीला घराबाहेर पडता येतं ते तिच्यामुळे. इतकी वर्षं ज्यांच्या घरात काढली त्यांच्यामुळे नाही."

तेव्हा तुमच्या डाव्या हाताला भावजी होते. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, त्यात पाणी नव्हतं, तरी ते प्यायले. उजव्या हाताला निळ्या बंगल्यातली बाई होती. ती पर्स उघडत होती, मिटत होती, परत उघडत होती. मागच्या रांगेतले दातांचे डॉक्टर हळूच हात वर करून म्हणाले, "मीसुद्धा जातो कधी कधी." त्यांची बायको म्हणाली, "कधी?" ते म्हणाले, "रोज." मग तुमच्या खजिनदारांची सून, मग ते काठीवाले आजोबा. त्यातले निम्मे माझ्या गाडीत कॉलर वर करून बसतात, मी सगळ्यांना ओळखते.

माझी लेक मागच्या दाराशी उभी होती, हे तुम्हाला कळलं नाही. मी तिला बोलावलं नव्हतं. ती शेवटपर्यंत थांबली आणि माझ्या आधी घरी गेली. घरी आले तर माझा दुसरा युनिफॉर्म इस्त्री करून हँगरला लावलेला. तो तिने यापूर्वी कधी हातात घेतला नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

भावजी तुम्हाला तिथेच सोडून गाडी घेऊन गेले, ते सगळ्यांनी बघितलं. तुम्ही माझ्याच गाडीनं परत आलात. उतरताना तुमचा पाय अडखळला. चालू ड्यूटीत चालकानं केबिन सोडायची नसते, म्हणून मी उठले नाही. पण तुमच्या हाताला फाटक लागेपर्यंत गाडी हलवली नाही. मागे लोक ओरडत होते, ओरडू दिलं.

मत मी फाटकासमोरच्या जागेला दिलं. फलाट आता पक्का होईल. माफ केलं असं मात्र समजू नका. मी अजून रागावलेली आहे, आणि थोडा राग ठेवणार आहे.

धाकटी

१९ ऑक्टोबर

धाकटे,

राग ठेव. तुझ्याजवळ तो चांगला राहतो.

तुझे मोठे भावजी तीन आठवडे बोलले नाहीत. मी घाबरले होते तितकं वाईट गेलं नाही. कारण दिवसभर मी घरातच नसते. परवा त्यांनी आपणहून विचारलं, "किती वाजताची गाडी असते?" मी म्हटलं, "दर दहा मिनिटांनी." मी आता त्यांना अध्यक्ष म्हणत नाही. कॉलनीनं दुसरा निवडलाय.

आता खरी बातमी. काल निळ्या बंगल्यातली बाई ट्राममध्ये चढली. तुला आरशात दिसलीच असेल. तुझं पाऊण लक्ष आरशातच असतं. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि आधी सांगून टाकलं, की गाडी दुरुस्तीला गेलीय. मग बराच वेळ ट्रामचं कौतुक केलं. किती स्वच्छ, किती शांत, आणि काय हो, तुमच्या जाऊबाई किती छान चालवतात! मी हूं हूं करत राहिले. टाकी गेल्यावर ती माझ्या कानाशी आली. मुलगा दुसऱ्या कोणाला हो म्हणत नाही म्हणे. घरात जेवत नाही, बोलत नाही. "तेव्हा जरा गैरसमज झाला," म्हणाली. "मुलीचं अजून कुठे ठरलं नाही ना? तुम्ही शब्द टाकाल का?"

धाकटे, या वेळी मी तिला चहा पाजला नाही. म्हटलं, "मी शब्द टाकला की काय होतं ते तुम्ही बघितलंय. मुलीच्या आईलाच विचारा की. ती काय, काचेच्या पलीकडे बसली आहे."

बाई उठली. पदर सावरला, केस सावरले, काचेवर टकटक करायला हात उचलला. मी तिला काचेवरची पाटी दाखवली. गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. समोरचं मला अजून अगदी स्वच्छ दिसतं.

ती म्हणाली, "मग बोलायचं कधी?"

मी म्हटलं, "उतरल्यावर."

"अहो, पण आपण उतरलो की गाडी निघून जाते!"

मी म्हटलं, "जाणारच. तिला वेळ पाळायची असते."

थोरली